पाटीवरचं आडनाव आणि खुर्चीतला माणूस

2025 च्या सुरुवातीला बीडचे पोलिस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या टेबलांवरच्या पाट्यांवरून आडनावं काढायला लावली. सहकाऱ्याला हाक मारतानाही नुसतं नाव घ्यायचं, असं ठरलं. त्याआधी डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली होती. त्यानंतर जिल्ह्यातलं वातावरण असं नासलं होतं की तपास कसा चाललाय यापेक्षा तपास करणारा कोणाचा, हीच चौकशी जास्त व्हायची. अशा वेळी अधीक्षकांना हा उपाय सुचला, यात नवल नाही. नवल वाटलं ते त्यावर झालेल्या वादाचं. एका बाजूला जातिअंताची पहाट झाल्यासारखे हारतुरे, तर दुसऱ्या बाजूला बापजाद्यांची ओळख पुसायला निघालेत म्हणून आरडाओरड. दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली: माणसाची ओळख त्या पाटीवर असते, म्हणून पाटी बदलली की ओळख बदलते.

पाटीवरून आडनाव गेलं ते बरं झालं, असं माझं मत आहे. पण त्याने जात जाईल, असं मी मानत नाही. माणूस जी भूमिका निभावतो आणि भोवतालचे लोक त्याच्याकडून जी भूमिका वठवून घेतात, त्यातून त्याची ओळख घडते. पाटीचा उपयोग झालाच तर खुर्चीत बसलेल्याला आपलं काम आठवण्यापुरता होईल. समोर उभा असलेला माणूस ओळखायचं ते ओळखतोच.

गेवराईकडचा एखादा हवालदार डोळ्यापुढे आणा. घरी तो दादा, भावकीत अमक्याचा धाकटा, सासुरवाडीत जावई, सोसायटीच्या थकबाकीदारांच्या यादीत एक खातेदार, वर्गमित्रांच्या ग्रुपवर कुणाच्या तरी स्टेटसला बदाम टाकणारा, आणि ठाण्यात हवालदार. यातल्या काही भूमिका त्याला जन्माने मिळाल्या, काही लग्नाने. एकच त्याने स्वतः कमावली, पहाटे उठून धावून, भरतीच्या मैदानात गोळा फेकून, लेखीला बसून. पण गावात पाऊल टाकलं की कुठली भूमिका पुढे येते? कमावलेली मागे सरते आणि जन्माची पुढे येते. त्याला तसं वाटतं की नाही, हा प्रश्नच नसतो. पारावरची माणसं त्याच्याशी ज्या सुरात बोलतात, तो सूरच त्याला त्याची जागा दाखवतो.

याला आपल्याकडे इतिहास आहे. निजामाच्या राजवटीतल्या मराठवाड्यात देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी ही कामं होती, वतनं होती, आणि ती बापाकडून लेकाकडे जायची. काम आणि जन्म यांत फटच नव्हती. पुढे हैदराबाद राज्य गेलं, मराठवाडा महाराष्ट्रात आला आणि 1962 च्या कायद्याने महसूल पाटलाचं वंशपरंपरागत पद रद्द झालं. 1967 च्या ग्राम पोलिस कायद्यानंतर पोलिस पाटील हे नेमणुकीचं पद झालं. आज त्यासाठी लेखी परीक्षा होते, मुलाखत होते, आरक्षण लागतं, प्रांताच्या सहीचं पत्र मिळतं. कागदावर पाटीलकी कुणाच्याही घरी जाऊ शकते, आणि जातेही.

माझ्या पाहण्यातल्या एका गावात ती दलित वस्तीतल्या एका पदवीधर पोराच्या घरी गेली. काही वर्षं गावाने त्याला पाटील म्हटलंच नाही. सगळे नावाने हाक मारत, म्हातारे तर अरेतुरेने. गावात पाटील म्हणजे वाड्यातले पाटील, ज्यांच्याकडे पद नव्हतं, पगार नव्हता, शिक्काही नव्हता. पोळ्याला मानाचा बैल त्यांचाच. एकदा विहिरीत प्रेत सापडलं. ठाण्याची गाडी आली, जमादारांनी खाली उतरता उतरता विचारलं, ‘पाटील कुठंयत?’ आणि चार हात वाड्याकडे वळले. नेमणूकपत्र असलेला पाटील दहा फुटांवर उभा होता, दोर धरून.

मग 2020 चा लॉकडाउन आला. पुण्या-मुंबईहून माणसं परतायला लागली. कोण आलं, कधी आलं, कुणाला शाळेत ठेवायचं, कुणाच्या घरी राशन पोहोचवायचं, याची नोंद या पोराकडे. ठाण्याचा फोन त्याला, तहसीलचा फोन त्याला. बाहेरगावी मयतीला जायचं म्हटलं तरी पासासाठी त्याचाच दरवाजा. वाड्यातल्या नातवाला पुण्याहून आणायचं होतं तेव्हा वाड्यातून निरोप आला, तो ‘पाटलाला बोलावलंय’ असा. गावाने जात सोडली का? मुळीच नाही. लॉकडाउन उठल्यावर अर्ध्या गावाच्या तोंडून पुन्हा एकेरी नाव यायला लागलं. पण उरलेल्या अर्ध्याच्या तोंडात पाटील टिकलं, आणि आजही टिकून आहे. त्याच्या बोलण्या-चालण्यातही फरक पडला. पूर्वी तो पंचनाम्याला कोपऱ्यात उभा राहायचा, आता आधी वही उघडतो. त्याच्या दारावर पाटी तेव्हाही नव्हती, आताही नाही. लोकांना त्याच्या पदाची खरोखर गरज पडली आणि त्याने ते पद नीट निभावलं, एवढंच घडलं.

आता विरोधकांच्या मुद्द्यांकडे येतो, कारण त्यात दम आहे. पहिला मुद्दा, आडनाव झाकून कुणी फसत नाही. आपल्याकडे ओळख काढायची शिडीच आहे. गाव कोणतं? तालुका? गावात कोणत्या आळीला? अमुक गुरुजी तुमचे कोण? पाव्हणे कुठले? चौथ्या प्रश्नाला उत्तर हातात. तेवढंही नको असेल तर मोटारसायकलच्या नंबरप्लेटवरचं स्टिकर बघा, मोबाइलची रिंगटोन ऐका, भिंतीवरच्या कॅलेंडरवरचा फोटो बघा. पाटीवर नुसतं ‘सचिन’ लिहिलेलं दिसलं की तक्रार द्यायला आलेला माणूस बाहेर चहाच्या टपरीवर विचारणार, ‘हे साहेब कोणते?’ आणि टपरीवाल्याला ते माहीत असणार. (हा लेख वाचताना काहींनी आधी लिहिणाऱ्याचं आडनाव शोधलं असेल. शोधा. तेही या विषयातच येतं.)

याचा मोठा पुरावा तामिळनाडूत आहे. 1929 मध्ये चेंगलपट्टूला पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीची परिषद झाली आणि जातीची नावं टाकून द्यायचा ठराव झाला. आज तिथे आडनावातून जात सांगण्याची पद्धत जवळपास उरलेली नाही. हे यश थोडंथोडकं नव्हे, नव्वदेक वर्षांची सवय आहे. तरीही 2023 मध्ये नांगुनेरीत एका दलित विद्यार्थ्यावर वर्गातल्याच पोरांनी घरात घुसून कोयत्याने वार केले. त्यानंतर नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांच्या समितीने 2024 मध्ये शिफारस केली, ती मुलांच्या मनगटावरचे जातीच्या रंगांचे धागे बंद करण्याची. आडनाव गेलं आणि मनगटावर धागा आला. बिहारमध्ये जयप्रकाशांच्या आंदोलनात कित्येक तरुणांनी आडनावं टाकली. त्यांच्यातले काही पुढे मोठे नेते झाले आणि तिथलं राजकारण जातीच्या गणितावर चालतच राहिलं. तेव्हा बीडच्या पाट्यांनी जातिअंत होईल असं मानणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतो. ज्यांच्या आडनावाकडे पाहून पिढ्यान् पिढ्या नाकं मुरडली गेली, त्यांच्यातला कुणी आज साहेब होऊन खुर्चीत बसलाय. पाटीवरचं ते आडनाव त्याच्या वस्तीला दिसतं तेव्हा त्या वस्तीतल्या पोरांची छाती फुगते. 1950 साली तेव्हाच्या औरंगाबादेत बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढलं, तेच पुढचं मिलिंद. तिथून शिकून पहिली पिढी मास्तर झाली, कारकून झाली, साहेब झाली. ज्या नावाला ओट्यावर बसू दिलं जात नव्हतं, ते नाव कचेरीच्या दारावर रंगवलेलं बघण्यात काय असतं, हे ज्याने भोगलं त्यालाच कळेल. शतकानुशतकं ज्यांची आडनावं दारावर मिरवली त्यांना ती उतरवायला फार जड जात नाही. ज्याची कालपरवाच लागली, त्याला उतरव म्हणणं हा न्याय कसा?

हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. इथे नावासाठी रक्त सांडलेलं आहे. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावं लागलं. सोळा वर्षं! ज्या मातीने हे पाहिलं, तिथल्या कुणी ‘नावाने काय फरक पडतो’ असं म्हणू नये. पण तेव्हा नेमकं कशाचं भांडण होतं? विद्यापीठ सगळ्यांचं आहे आणि त्या सगळ्यांत आम्ही आहोत, हे मान्य करून घेण्याचं ते भांडण होतं. सार्वजनिक जागेवरच्या हक्काचं होतं. कुणी साहेब आपल्या माणसाचं काम आधी करील, यासाठी ते नव्हतं. म्हणूनच पाटीवर आडनाव असलं म्हणजे वस्तीला अभिमान वाटतो हे मान्य करूनही मी विचारतो, त्या अभिमानाला ठाण्याचं टेबलच का लागावं? सत्काराच्या फलकावर, शाळेच्या भिंतीवर, पेपरातल्या बातमीत ते नाव पूर्ण छापा, मोठ्या अक्षरात छापा. टेबलापलीकडे मात्र जी बाई रात्री अकराला नवऱ्याने डोकं फोडलं म्हणून रक्त पुसत उभी आहे, तिने आधी साहेबाची जात वाचावी आणि मग तोंड उघडायचं की नाही ते ठरवावं, अशी वेळ कशाला आणायची?

तिसरा मुद्दा चावडीवर नेहमी निघतो. सरकार एका टेबलावर जात पुसतं आणि दुसऱ्या टेबलावर जातीचा पुरावा मागतं, हे ढोंग नव्हे का? सेतूत जाऊन बघा. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, इतर मागासांना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. आजोबाचा शाळेचा दाखला, पणजोबाचा खासरा, काहीतरी आणा. 2023 पासून तर मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीमुळे निजामकाळातल्या मोडीतल्या आणि उर्दूतल्या नोंदी धुंडाळणं हा घराघरातला उद्योग झालाय. 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटला वजन आलं. सोयरिकीत एक ओळख सांगायची आणि तहसीलात दुसरी, यावर टिंगल करणारे पुष्कळ आहेत. मला त्यात टिंगल करण्यासारखं काही दिसत नाही. प्रत्येक माणूस प्रत्येक दारात वेगळी ओळख घेऊन जातो, टिंगल करणाराही.

पण विसंगतीचा आरोप टिकत नाही, कारण टेबलाला दोन बाजू असतात आणि दोन्हींकडे ओळखीचं काम वेगळं असतं. अलीकडे उभा आहे नागरिक. त्याचा जन्म त्याच्या आड आलेला असेल तर त्याची भरपाई करण्यासाठी ती नोंद लागतेच. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवताना पीडिताची जात लिहिलीच नाही, तर कलम लागणार कसं? पलीकडे बसलाय तो अधिकारी. त्याच्या हाती सत्ता आहे, आणि ती सत्ता त्याला जन्माने मिळालेली नाही. तिथे त्याचा जन्म दिसण्याचं काहीच कारण नाही. सोसणाऱ्याची ओळख लिहा आणि सत्ता चालवणाऱ्याची बाजूला ठेवा, यात विसंगती कुठे आली? उलट ‘सगळ्यांच्याच ओळखी पुसा, फक्त माणूस उरू द्या’ हे गोड वाक्य ज्यांच्या तोंडी असतं, त्यांना बहुधा आपली ओळख कधी दाखल्याने सिद्ध करावी लागलेली नसते.

ओळख नोंदली नाही की काय होतं, ते बीडच्याच ऊसतोडीत बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या नावावर, हिशेब मुकादमाच्या वहीत. बाई पहाटे भाकरी थापते, लेकराला पाचटाजवळ निजवते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत वाहते, आणि वहीत ती अर्धा कोयता. ती मजूर नाही, तर मजुराची बायको. 2019 मध्ये या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण गाजलं तेव्हा पाळीमुळे पडणारा खाडा परवडत नाही, हे कारण बायकांनीच सांगितलं. खाडा पडला तर दंड कोयत्याला, म्हणजे दोघांना. कामगार म्हणून तिची स्वतंत्र ओळख असती, रजा असती, मजुरी तिच्या हातात पडत असती, तर निदान नाही म्हणायला जागा उरली असती. तिच्यासाठी ओळखपत्र हा चैनीचा विषय नाही.

कुणी संतांचा दाखला देतात. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार हे नावाबरोबर काम घेऊन मिरवले, मग आम्ही लपवायचं कशाला? दाखला चांगला आहे. आपल्या गंगाखेडची जनाबाई तर स्वतःला नामयाची दासी म्हणवून घेते, आणि दळता-कांडता त्या दासीपणावर असा हक्क सांगते की विठ्ठलालाच कामाला लावते. जगाने दिलेली भूमिका उचलून तिला आतून पालटणं म्हणजे काय, ते तिच्याकडून शिकावं. पण चोखोबांचं काय झालं? अभंगात ते विठ्ठलाच्या गळ्यात गळा घालतात आणि देह राहिला महाद्वारापाशी, पायरीच्या बाहेर. दार उघडलं ते 1947 मध्ये, साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. ओळखीला कवितेत मोठं करणं आणि दार उघडणं ही दोन कामं आहेत. पहिलं झालं म्हणून दुसरं आपोआप होत नाही, हे सांगायला सहा शतकं पुरेत.

बाबासाहेबांना हे नेमकं कळलं होतं. 1928 साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाबद्दल विधेयक मांडलं. वतन म्हणजे मान, अशी समजूत खुद्द समाजातही होती. त्यांनी मान-अपमानाची चर्चा बाजूला ठेवून हिशेब मांडला: किती तास राबायचं, कुणासाठी राबायचं, बदल्यात काय मिळतं. भूमिकेचं नाव बदला असं ते म्हणत नव्हते, भूमिकेच्या अटी बदला म्हणत होते.

पोलिसांच्या खुर्चीला हेच लावून बघू. तक्रारदार साहेबाची जात का विचारतो? तो अडाणी आहे म्हणून? मला वाटतं, तो पक्का व्यवहारी आहे म्हणून. कुठल्या ठाण्यात कुणाचा माणूस आहे, कुणाच्या शिफारशीने आला, कुणाचा फोन आला की तो उठून उभा राहतो, हे माहीत असल्याशिवाय काम होत नाही, असं त्याला अनुभवाने शिकवलंय. जात ही त्याला मिळणारी सगळ्यात स्वस्त माहिती आहे. ती लपवली तर तो दुसरीकडून मिळवणार. तिची गरजच संपली तर विचारणं आपोआप कमी होईल. 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने हद्दीबाहेरच्या ठाण्यातही तक्रार देण्याची सोय केली. 2006 च्या प्रकाश सिंह निकालाने बदल्यांसाठी आस्थापना मंडळं आणि ठाणेदाराला किमान दोन वर्षांचा कार्यकाळ सांगितला. कागद तयार आहेत. ‘साहेब आल्यावर बघू, बस जरा’ असं म्हणून किती जणांना बाकावर बसवून ठेवलं जातं, आणि त्या बाकावर बसणारे कोण असतात, एवढं मोजलं तरी पाटीपेक्षा जास्त कळेल.

महिला सरपंचांचा अनुभवही हेच सांगतो. महाराष्ट्रात पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या झाल्या आणि पहिल्या फेरीत सरपंच-पतींची फौज उभी राहिली. खुर्चीत बाई, सहीला बाई, बाकी सगळं नवरोबा. लोकांनी हसून घेतलं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या आजी-माजी सरपंचांच्या फलकावर तिचं नाव ‘सौ.’ लावून, नवऱ्याच्या नावासकट. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या आधी लागतं. तो फलकही उद्या तसाच रंगवता येईल. पण पाण्याच्या टँकरवरून बायका थेट तिच्या दारात भांडायला आल्या, आणि ग्रामसेवकाला तिच्या सहीशिवाय धनादेश काढता येईना, त्या दिवसापासून कित्येक ठिकाणी नवरोबाची खुर्ची शेजारून हलून दाराबाहेर गेली. सगळीकडे नाही. जिथे गेली तिथे सही आणि भांडण, दोन्ही तिच्याच वाट्याला आलं म्हणून गेली.

म्हणून अधीक्षकांच्या निर्णयाला माझा पाठिंबा आहे, आणि पुढचा प्रश्नही त्यांच्या पदालाच आहे. काँवतांना विचारा किंवा त्यांच्यानंतर येणाऱ्याला, फरक पडत नाही. जिल्ह्यातल्या कुठल्या ठाण्यात कोण, किती महिने टिकला आणि मुदतीआधी गेला असेल तर कशामुळे, ही यादी दर सहा महिन्यांनी लावता का? तीवर आडनावं नसली तरी चालतील.